चकती पुरवून वापरायची

रोपवाटिकेत डास असणारच. पाण्याचे हौद, ओल्या मातीच्या पिशव्या, हिरव्या जाळीखालची सावली, डासांना आणखी काय हवं? त्याबद्दल थोरलीची तक्रार नव्हती. तिची तक्रार दिराबद्दल होती. डास निदान पोट भरलं की उडून तरी जातात, असं ती म्हणायची.

रोपवाटिका दोघा भावांची. थोरला भाऊ, म्हणजे थोरलीचा नवरा, टेम्पो चालवायचा, गिऱ्हाइकांच्या दारात रोपं पोचवायचा, आणि घरात कुणी काही बोललं की 'जाऊ दे' म्हणून मोकळा व्हायचा. धाकटा गल्ल्यावर बसायचा. आणि थोरली मागच्या शेडमध्ये डोळे भरायची. डोळा भरायचा म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवर पानाच्या बेचक्यात जो कोंब झोपलेला असतो, तो सालीच्या चिमुकल्या ढलपीसकट अलगद काढायचा, रानटी रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, खोडाला चाकूनं चीर द्यायची, साल किंचित उचलून आत तो डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. सांगायला एक वाक्य. शिकायला बावीस वर्षं लागतात, असं थोरली म्हणायची, आणि स्वतःबद्दल बोलताना ती कधी कमी बोलत नसे.

या कामाला हात कोरडा लागतो. तेलकट बोट कापलेल्या जागी लागलं की साल सालीला धरत नाही, डोळा आतल्या आत कुजतो. म्हणून डोळे भरायच्या दिवसांत थोरली केसांना तेल लावत नसे, हाताला क्रीम लावत नसे, की तळलेल्या पदार्थाला बोट लावत नसे. मदतीला म्हणून आलेल्या दोन बायकांना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं, का, तर त्यांच्या वेण्या तेलानं चमकत होत्या. 'कामाला आलात की लग्नाला?' एवढंच ती म्हणाली होती, पण त्या पुन्हा कधी त्या रस्त्यानं फिरकल्या नाहीत.

काम करायचं ते भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, कारण उन्हात डोळा वाळतो. नेमक्या याच दोन वेळा डासांच्या जेवणाच्या. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात डोळा, मग डास मारायचा कशानं? मान वाकडी करून, पाय आपटून, फुंकर मारून थोरलीनं बावीस वर्षं काढली होती. मागच्या वर्षी थोरल्यानं तिला एक यंत्र आणून दिलं. काडेपेटीहून जरा मोठी डबी, आत सेलवर फिरणारा इवलासा पंखा आणि पंख्यापुढे औषधाची चकती. गळ्यात अडकवायची आणि बटण दाबायचं. चकतीच्या मधोमध निळा ठिपका. औषध संपलं की ठिपका पांढरा पडायचा, मग नवी चकती घालायची. यंत्र स्वस्त होतं, चकत्या महाग होत्या.

चकत्यांचं पहिलं पाकीट संपलं आणि खरेदी धाकट्याच्या हातात गेली, तिथून गोष्ट बिघडली.

धाकटा काटकसरी होता असं म्हणणं म्हणजे काटकसरीचा अपमान. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो पावत्या लिहायचा. गिऱ्हाइकानं बसावं म्हणून खुर्ची ठेवली होती, पण ती झिजू नये म्हणून तिच्यावर कुंडी ठेवली होती. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी म्हण आहे. थोरली म्हणायची, म्हण अगदी खरी, फक्त आमच्याकडे चमडी माझी आणि दमडी भाऊजींची.

पांढऱ्या ठिपक्याची चकती तिनं त्याच्यापुढे ठेवली तेव्हा तो हसला.

"वहिनी, हा ठिपका म्हणजे कंपनीची लबाडी आहे. रंग उडतो, औषध थोडंच उडतं? आपण माणसं भोळी, रंग गेला की फेकून देतो."

"तुम्ही आणि भोळे?"

"चकती पुरवून वापरायची असते."

ती चकती त्यानं आणखी दोन आठवडे पुरवली. मग नव्या चकत्या कात्रीनं अर्ध्या करायला लागला. अर्धी चकती खाचेत बसेना, म्हणून तिच्या शेजारी कागदाची घडी कोंबून बसवली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडायचा, त्यामुळे डासांना थोरली नेमकी कुठे बसली आहे ते तरी कळायचं. शेवटी त्यानं कुठूनशी गवती वासाच्या अर्काची बाटली आणली, त्यात भरपूर पाणी घातलं आणि इंजेक्शनच्या पिचकारीनं जुन्या चकत्यांवर थेंब सोडायला लागला. गल्ल्यावर धुतलेले मोजे वाळत घालावेत तशा ओळीनं चकत्या वाळत असायच्या. आल्यागेल्याला तो त्या दाखवायचा. एकेक चकती मी सहा वेळा वापरतो, म्हणायचा. लोक वा वा करायचे, कारण चावत त्यांना नव्हतं.

त्या पाण्यानं डास मरत नव्हते, पळत नव्हते, साधे नाराजही होत नव्हते. थोरलीच्या मानेवर, कोपरांवर, घोट्यांवर गाठीच गाठी उठल्या. तिनं सांगितलं, भांडली, यंत्र गल्ल्यावर आपटून आली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. थोरला म्हणाला, "जाऊ दे." तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो टेम्पोची हवा तपासायला निघून गेला.

अशात मुख्याध्यापिका बाई आल्या. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्या दारातून आत आल्या की धाकटा गल्ल्यावरून उठून उभा राहायचा. त्यांच्या शाळेच्या प्रत्येक वर्गाचा एक कोपरा त्यानं उभं राहून झिजवला होता. बाईंची ती शाळा आता पाडणार होते. तिच्या अंगणात संत्र्याचं एक जुनं झाड होतं, तेही जाणार होतं.

"झाड वाचत नाही, मी सगळीकडे अर्ज करून बसले," बाई म्हणाल्या. "पण त्याची रोपं तर होतील? मला एकशेवीस हवीत. माझ्या जुन्या मुलांना एकेक देईन. दहा दिवसांत झाडावर कुऱ्हाड पडणार आहे. जमेल का तुला?"

हे त्या थोरलीकडे बघून म्हणाल्या होत्या. थोरलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. जमेल, म्हणाला, जरूर जमेल. आणि बाई गेल्यावर थोरलीकडे वळला.

"वहिनी, ही शेवटची परीक्षा समजा. डोळे भरण्यात आता काही राहिलं नाही. तयार रोपं बाहेरून आणायची, चांगल्या कुंडीत बसवायची आणि विकायची. मला मागच्या शेडमध्ये कुंड्यांचं दुकान काढायचं आहे. तुम्ही पुढे काउंटरवर बसा, पावत्या फाडा, आरामात पंख्याखाली."

"आणि शेड?"

"शंभरात नव्वद डोळे जगले तर शेड तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही जगले, तर रॅक लागतील."

थोरलीनं 'बरं' म्हटलं. तिचे शंभरात नव्वदच्या खाली कधी गेलेच नव्हते. ही अट घालणाऱ्याची तिला कीव आली, कारण ज्या धंद्यावर तो बावीस वर्षं जेवला त्यातला हा साधा आकडाही त्याला ठाऊक नव्हता. पण रात्री भांडी घासताना तिला त्या काउंटरचं चित्र दिसत राहिलं. कॅलेंडरच्या पाठीवर पावत्या लिहिणारी बाई, आणि तिचे हात. चाकूच्या मुठीनं तळव्याला पडलेला घट्टा हळूहळू मऊ पडत जाईल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला सरळ सरळ भीती वाटली. शेड गेली तर त्या घरात ती कोण? टेम्पोवाल्याची बायको आणि गल्लेवाल्याची वहिनी.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत जाऊन फांद्या निवडून घेऊन आली. जाडजूड नाहीत, कोवळ्या नाहीत, पेन्सिलीएवढ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. असे डोळे तीन दिवस टिकतात, त्यापुढे भरवसा नाही. संध्याकाळी ती बाकावर बसली, गळ्यात यंत्र, यंत्रात सहाव्यांदा भिजवलेली चकती. दोन डोळे झाले आणि कानामागे डास कडाडून चावला. मान हलली, हात हलला, चाकू डोळ्यातून आरपार जाऊन डाव्या अंगठ्यात शिरला. झालेले दोन आणि हातातला एक, असे तीन डोळे वाया गेले. रक्त खुंटावर सांडलं ते वेगळंच.

घरी येऊन तिनं जे तोंड सोडलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. दिराचं लहानपण, दिराची अक्कल, दिराची सासुरवाडी, काही सुटलं नाही. थोरला निमूटपणे तिचा अंगठा धुऊन पट्टी बांधत होता. पट्टी बांधून झाल्यावर त्यानं तिच्या मानेकडे पाहिलं आणि नेहमीचे दोन शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत. तो उठून बाहेर गेला. ती बोलतच होती, त्यामुळे तिच्या ते लक्षात आलं नाही.

सकाळी शेडमध्ये यंत्र खिळ्याला लटकत होतं. तिनं बटण दाबलं तर लवंगेचा असा झणका आला की तिला शिंक आली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक डास नाही. हौदावर ढग होता तो तिथेच घोंघावत राहिला, बाकापर्यंत यायची एकाचीही छाती झाली नाही. थोरलीनं मान ताठ केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती या बाकावर सरळ बसली होती. दिराला एकदाचं काहीतरी जमलं, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मग तिचा हात जो सुटला तो थांबेना. बारा खुंटांचा एक ट्रे, असे सकाळ-संध्याकाळ मिळून चार ट्रे पहिल्या दिवशी, पाच दुसऱ्या दिवशी. मध्येच सेलची ताकद कमी व्हायची, मग ती डबी थोपटायची, बटण पुन्हा दाबायची आणि लगेच पुढचा डोळा उचलायची. बोटं जराशी गुळगुळीत लागत होती. खुंटाचा चीक असेल, म्हणून तिनं ती एप्रनला पुसली. एखाद्या नवख्या बाईनं असं केलं असतं तर थोरलीनं तिला दाराबाहेर काढलं असतं. पण सुख लागलं की माणसाला कशाची शंका येत नाही, आणि सुख म्हणजे तरी काय, मानेवर डास नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता शेवटचा ट्रे उरला आणि यंत्राचा सेलच संपला. नवा सेल मागायला गल्ल्यावर जायचं तिच्या जिवावर आलं. तिनं यंत्र खिळ्याला अडकवलं, हात साबणानं खसाखसा धुतले, पाय गोणपाटात गुंडाळले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि शिव्या देत, चावून घेत तो ट्रे पुरा केला.

डोळ्यावरची पट्टी एकवीस दिवसांनी सोडायची असते. त्या एकवीस दिवसांत शाळेचं झाड पडलं. थोरला रिकामा टेम्पो घेऊन त्या रस्त्यानं येत होता, त्यानं ओंडके नेताना पाहिले आणि घरी येऊन सांगितलं. त्याच आठवड्यात सुतार आला आणि शेडच्या भिंतींना फीत लावून मापं घेऊन गेला. थोरलीनं विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, "नुसतं विचारून ठेवतोय, वहिनी. लाकूड महागतंय." पेपर तपासायच्या आधीच निकाल छापून ठेवणारा मास्तर तिनं पहिल्यांदाच पाहिला.

एकविसाव्या दिवशी बाई आल्या, चष्मा पुसून बाकाशी बसल्या. धाकटा वही घेऊन उभा. थोरला टेम्पोत गुलाबाची रोपं भरत होता, तोही हात झटकत आत आला. थोरलीनं पहिली पट्टी सोडली.

डोळा काळपट होता. तिनं नखानं हलकेच टोकरलं. भुसा.

दुसरा, तिसरा, चौथा. पहिल्या ट्रेमध्ये एक हिरवा निघाला. दुसऱ्यात एकही नाही. थोरली पट्ट्या सोडत गेली. तिसरा ट्रे, चौथा. वाळलेले डोळे बाकावर तपकिरी टिकल्यांसारखे पडत होते. बाई प्रत्येक खुंटाकडे वाकून बघत होत्या आणि मान सरळ करत होत्या. सहाव्या ट्रेला धाकट्यानं वही मिटली आणि आवाजात साखर घोळली.

"जाऊ द्या वहिनी, किती बघणार? वय कुणाला चुकलंय? नजर जाते, हात कापतो. बावीस वर्षं केलंत, ते काय कमी आहे?"

तो रागावून बोलला असता तर तिनं उत्तर दिलं असतं. त्यानं समजूत घातली, ते तिच्या जिव्हारी लागलं. क्षणभर तिला ते खरंच वाटलं. तिनं स्वतःचा उजवा हात बघितला. कापत होता की काय? आता रडू येईल अशी तिला भीती वाटली, आणि ह्या माणसासमोर रडण्यापेक्षा तिनं सातवा ट्रे ओढला. मग आठवा, नववा. नऊ ट्रेमध्ये मिळून चार जगले होते.

दहाव्या ट्रेची पहिली पट्टी तिनं सवयीनं सोडली आणि थांबली. हिरवा. शेजारचा सोडला. हिरवा, टपोरा, टोकाला कोंब फुटू बघतोय असा. बारांत अकरा.

"हा कधी केलास?" बाईंनी विचारलं.

"शेवटचा," थोरली म्हणाली. "सेल संपला होता तेव्हा. हात धुऊन..."

ती बोलता बोलता उठली. खिळ्यावरून यंत्र काढलं, चकती उपसून बाहेर काढली, धाकट्याच्या हातातल्या वहीचं पान उघडलं आणि चकती त्यावर दाबली. कागदावर गोल डाग उमटला आणि त्यातून पलीकडच्या पानावरचे आकडे दिसायला लागले.

"तेल," ती म्हणाली.

आणि मग तिनं एकवीस दिवसांचं काढलं. भाऊजी, तुम्ही काडीकाडी वाचवलीत आणि घर पेटवलंत. बावीस वर्षं या शेडमध्ये मी तेलाचा थेंब येऊ दिला नाही, आणि तुम्ही तो माझ्या गळ्यात बांधलात. पंखा वारा घालतोय, तेलाचे तुषार डोळ्यावर बसतायत, बटणाला तेल, बोटाला तेल. अक्कल गहाण टाकली होती का, सोडवायला व्याज पडतं म्हणून तिथेच ठेवलीत? एका चकतीसाठी एकशेचार डोळे घालवलेत, आणि ते झाड आता कुणाच्या तरी चुलीत आहे. दात कोरून पोट भरणारे पुष्कळ पाहिले, पण तुम्ही दुसऱ्याचे दात कोरता!

धाकट्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तो घाबरलेला नव्हता, खरोखर गोंधळलेला होता.

"वहिनी, शपथेवर सांगतो, मी तेल घातलंच नाही. तेलाला पैसे पडतात! माझं नुसतं पाणी आणि अर्क. बाटली बघा ना, ती बघा, अजून तशीच आहे."

बाटलीत खरोखरच पाणीच पाणी होतं, तेलाचा तवंगही नव्हता. थोरलीला ते पटलं, कारण तेलाला पैसे पडतात हे त्याच्या तोंडून आलं होतं.

"तेल मी घातलं," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो दारातच उभा होता, हातांना गुलाबाच्या पिशव्यांची माती.

"त्या रात्री. तुझा अंगठा कापला होता. मान तर बघवत नव्हती. ह्याच्या पाण्यानं काही होत नाही, हे मला दिसत होतं. लवंगेचं तेल आणलं, टेम्पोच्या बिजागऱ्यांना घालतो त्या पातळ तेलात मिसळलं आणि चकतीला चार चार थेंब पाजलं. हाताला तेल चालत नाही, हे मला ठाऊक होतं गं. पण मला वाटलं, चकतीचं तेल चकतीलाच राहील."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू वापरलं नसतंस. आणि वर डास चावत राहिले असते."

थोरलीच्या तोंडात आणखी बरंच शिल्लक होतं, पण ते सगळं दिराच्या मापाचं शिवलेलं होतं, नवऱ्याच्या अंगाला बसेना. ती त्याच्यावर आयुष्यात कधी एवढी चिडली नव्हती. एकशेचार डोळे! आणि तरी त्याच्या मातीच्या हातांकडे बघून तिला ते हात अंगठ्याची पट्टी बांधताना आठवले, आणि त्याचाही तिला राग आला.

धाकट्याला मात्र आता पंख फुटले. निर्दोष सुटलेला माणूस जितका निर्लज्ज होतो तितका चोरही होत नाही.

"दादा, अरे काय हे! बावीस वर्षं ह्यांच्याबरोबर राहून एवढं कळू नये? अक्कल गहाण टाकली होतीस का? शाळेतल्या पोराला कळेल, पंख्यापुढे तेल ठेवलं तर उडणारच. आणि वहिनी मघापासून मला..."

अक्कल गहाण टाकली होतीस का. थोरलीनं स्वतःचेच शब्द त्याच्या तोंडून ऐकले. मघाशी तिला ते झकास वाटले होते. आता तेच शब्द आपल्या नवऱ्यावर पडताना ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पुरे, भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नव्हता म्हणून धाकटा खरंच थांबला. "तेल त्यांनी घातलं. घालायची पाळी कुणी आणली? निळ्या ठिपक्याची एक चकती मला मिळाली असती, तर ते बिजागऱ्यांचं तेल बिजागऱ्यांतच राहिलं असतं. त्यांची चूक झाली, ती मी आणि ते बघून घेऊ. त्यांना बोलायचा हक्क माझा आहे, तुम्ही त्यात हात घालू नका. आता दहावा ट्रे मोजा. त्याला तेल लागलं नव्हतं. नजर माझी, हात माझा, वरून डास तुमचे. बारांत अकरा. शेकडा किती झाले? हिशेबात तुम्ही हुशार."

धाकट्यानं वहीचं पान उलटलं. तिथेही तेलाचा डाग होता.

"भागाकार कर," बाई म्हणाल्या. "अकरा गुणिले शंभर, भागिले बारा. तोंडी येत नसेल तर लिही. मी थांबते."

त्यानं लिहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, कपाळावर घाम, ओठ हलवत लिहिलं.

"एक्क्याण्णव," तो पुटपुटला. "आणि वर काहीतरी."

"म्हणजे शेड राहिली," बाई म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवून उठल्या. थोरलीला म्हणाल्या, "पंधरा रोपं आहेत तुझ्याकडे. ती वाढव, त्यांच्यावरून पुढच्या वर्षी आणखी डोळे काढ. मुलं एक वर्ष थांबतील. माझं वय विचारू नकोस, मीही थांबेन."

बाई गेल्या. सुताराला फोन करून 'नको' म्हणावं लागलं, ते धाकट्याला फार लागलं असावं, कारण त्या दिवशी गल्ल्यावर एकही चकती वाळत दिसली नाही. थोरलीला वाटलं, आली आता शुद्ध. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बाकावर स्वच्छ धुतलेलं यंत्र होतं आणि शेजारी धाकटा स्वतः उभा होता.

"तेलाचा अंशही ठेवला नाही, वहिनी. जुनी चकती साबणाच्या पाण्यात उकळून काढली आणि पुन्हा अर्क घातला. आता निर्धास्त बसा."

थोरलीनं यंत्र गळ्यात अडकवलं. शब्द खर्च करण्यासारखं तिथे काही नव्हतं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या रोपांचे डोळे भरायला बसली, चाकू उचलला, आणि पहिला डास तिच्या मनगटावर येऊन बसला.

कुणीतरी शेजारी स्टूल ओढलं. थोरला होता. हातात खोक्याचा जाड पुठ्ठा. तो बसला आणि सावकाश तिच्या मानेमागून, मग कोपरापाशी, मग पायांशी वारा घालायला लागला. तिनं डोळा उचलला. हात स्थिर राहिला.

"अहो, टेम्पो भरलाय ना?" तिनं वर न बघता विचारलं.

"भरलाय."

"मग?"

"मग काय? इथे डास आहेत."

अर्ध्या तासानं धाकटा आला. दादा, गुलाब उन्हात उभे आहेत. थोरला वारा घालत होता. पुन्हा आला. दादा, गुलाब मागवलेल्या बंगल्यावरून फोन येतायत, माळी खड्डे खणून बसलेत. थोरल्यानं पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. तिसऱ्यांदा धाकटा आला तेव्हा त्याच्या हातात वही होती आणि चेहऱ्यावर ताप आल्यासारखं दिसत होतं.

"दादा, तुला कळतंय का? तुझा एक दिवस म्हणजे चार फेऱ्या. चार फेऱ्यांत किती पाकिटं येतात ठाऊक आहे? ह्या पुठ्ठ्याचा वारा आपल्याला चकत्यांपेक्षा शंभर पट महाग पडतोय!"

"हो," थोरला म्हणाला. "मलाही तसंच वाटलं."

धाकटा उभा राहिला. ओठ हलत होते, तोंडी हिशेब चालला होता. मग तो गेला, आणि थोड्या वेळानं स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. थोरलीनं या वेळात सात डोळे भरले. नवऱ्याला तिनं अजून माफ केलेलं नव्हतं, एकशेचार म्हणजे काही थोडे नव्हेत. पण मघापासून तिला हसू येत होतं आणि ते ती दाबून धरत होती, कारण हसलं तर हात हलतो.

धाकटा परत आला तो घामाघूम होऊन. बाकावर त्यानं पाकीट ठेवलं, कोरं, सील न फोडलेलं, आणि छातीवरून धोंडा उतरवल्यासारखा श्वास सोडला.

थोरल्यानं पाकीट उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि परत ठेवलं.

"एकच?" त्यानं विचारलं, आणि पुठ्ठा पुन्हा हातात घेतला.

बाहेर टेम्पोत गुलाब माना टाकायला लागले होते. धाकट्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि किल्ली चाचपत तो पुन्हा स्कूटरकडे गेला.